पंजाच्या वरचा ढीग

दुफीला गावाने काळं नेसायला बंदी केली, त्या दिवसापासून मी इथल्या मोठ्या माणसांपुढे गुडघा टेकवून नमस्कार करणं सोडलं. गुडघे दुखतात असं सांगते. गुडघे माझे ठणठणीत आहेत. रोज डोक्यावर सालीची पोती वाहते मी. पण ज्या बाईने या पंचक्रोशीतल्या प्रत्येक घराला दुखवट्याचं कापड पुरवलं, तिलाच ते नेसू न देणाऱ्यांपुढे वाकायला माझे गुडघे तयार नाहीत.

मी बिरागो. ग्याबा मालकाच्या कापडाच्या कारखान्यात रंगाच्या हंड्यांवर असते. दुफी कोठीवर होती. कारखाना म्हणजे काय, तर रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या दोन शेड, मधे चुलाणं, आणि पुढे कापड वाळवायचं मोठं मैदान. झाडाची साल उत्तरेकडून ट्रकने येते. ती कुटायची, उकळायची, त्या पाण्यात कापड बुडवायचं, मैदानात पसरून वाळवायचं, परत बुडवायचं, परत वाळवायचं. आधीच्या बुड्यांनी कापड तपकिरी होतं. शेवटच्या बुडीत लोखंडाचा कीट घालतात, तेव्हा कुठे ते काळं होतं. या सगळ्यात महिना मोडतो. पावसात ट्रक अडकला तर दोन.

पण मरण काही महिनाभर आधी निरोप धाडत नाही. माणूस गेलं की घरचे दारात उभे. अख्ख्या कुळाला एकसारखं कापड हवं, आणि तेही लगेच. तेव्हा कापड आधीच तयार ठेवावं लागतं. आणि इथेच खरी मेख आहे, कारण आमच्याकडे मरणाची तयारी आधी करणं म्हणजे मरणाला हाक मारणं. कापड तयार हवं, पण तुम्ही कुणाची वाट बघताय असं दिसता कामा नये.

यावर तोड काढली होती दुफीच्या आईने, मानूने. दुफीच्या आधी कोठी तिच्याकडे होती. तेव्हा कारखाना ग्याबाच्या मामाचा होता. मामामागून भाचा, या नात्याने तो पुढे ग्याबाकडे आला. तर या मानूने एक दिवस रंगाने माखलेला हात कोठीच्या भिंतीवर दाबला. काळा पंजा उमटला. म्हणाली, "ढीग इथवर. जेवढं गेलं तेवढंच भरायचं. पंजाच्या खाली गेला तर लोक रडत परत जातील, आणि वर गेला तर कुणाच्या तरी मरणाची वाट पाहिल्यासारखं होईल." सगळ्यांना पटलं. कोठीत कितीही माल दिसला तरी कुणी नाक मुरडत नसे, कारण तो कालच्या मेलेल्यांच्या जागी आलेला माल होता, उद्याच्या मरणाऱ्यांसाठी ठेवलेला नव्हता.

दुफीने तो पंजा देवासारखा पाळला. कोणी येऊन म्हणालं, "अगं, अमक्याचं काही खरं नाही, दोन गठ्ठे जास्त ठेव," की ती कानावर हात ठेवायची. "कोण आजारी आहे ते मला सांगू नका. काय गेलं तेवढं सांगा."

बाई तशी कटकटी. हे मैत्रीण म्हणून सांगते. कोठीत चप्पल घालून यायचं नाही, खाऊन आलं असेल तर हात धुऊन यायचं, नाहीतर उंदीर लागतात. नवा माल खाली, जुना वर, आणि द्यायचा तो जुना आधी. मी एकदा घाईत वरच्याऐवजी मधलं कापड ओढलं तर तिने माझ्या मनगटावर फटका मारला होता. मी तिला फौजदार म्हणायचे. तिचा नवरा लॉरी चालवायचा. एकदा समुद्राकडे माल घेऊन गेला तो तिकडेच रमला. दोन मुली तिने एकटीने वाढवल्या, लग्न करून दिल्या. आणि हात? कोपरापर्यंत काळे. माल कमी पडला की ती आमच्याबरोबर हंड्यावर उभी राहायची, त्यामुळे तिचे हात आयुष्यात कधी धुऊन निघालेच नाहीत. बाजारातल्या बायका चिडवायच्या, "दुफी, टोमॅटोला हात नको लावूस गं, रंग जाईल त्यांचा." ती म्हणायची, "तुझ्या सासूला गेल्या वर्षी काय नेसवलंस ते विसरलीस वाटतं?"

मग आमचे नाना आजारी पडले. नाना म्हणजे या भागाचे राजे, आमच्या सगळ्यांचे. आजारी पडले असं कोणी म्हणालं नाही. म्हणायचं नसतंच. सणाला त्यांची छत्री बाहेर निघाली नाही, वाड्यातला मोठा नगारा वाजला नाही, एवढंच. राजा कधी मरत नाही आमच्याकडे. तो गावाला जातो. आणि जाऊन कैक दिवस झाले तरी वाड्यातून कळवल्याशिवाय कुणी जीभ उचलत नाही.

अशात एक दिवस काठीवाले कारखान्यात आले. काठीवाले म्हणजे बोआतेन. नाना स्वतः लोकांशी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं सोन्याच्या मुठीची काठी धरून बोआतेन सांगतात. दुफी आणि मी कोठीत घड्या घालत होतो. ग्याबा मालक धावत आला, खुर्ची पुसून दिली.

काठीवाल्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग ढिगाकडे बघत म्हणाले, "मालक, कोठी एवढीच का?"

"एवढीच असते, बाबा."

"हं. मोठं झाड असलं की सावली मोठी लागते," ते म्हणाले, आणि उठून गेले.

बस. दुसरं काही नाही. पण हे ऐकून ग्याबाच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी या डोळ्यांनी पाहिली. मागचे नाना गावाला गेले तेव्हा शेजारच्या गावच्या कारखान्याने सगळा बाजार मारला होता आणि याच्या मामाची कोठी दोन दिवसांत रिकामी झाली होती. ते दुखणं याच्या उरात होतं.

"दुफी, ढीग वाढव," तो म्हणाला.

"कुठवर?"

"छतापर्यंत."

"पंजाच्या वर जात नाही आपला ढीग."

"पंजा तुझ्या आईचा आहे, भिंत माझी आहे."

"भिंत तुमची, तोंड गावाचं. काय सांगाल त्यांना?"

"गाव काय माझ्या कोठीत डोकं घालून बघतंय?"

"कोठीत नाही बघत. मैदानात बघतं. वाळत कुठे घालणार एवढं काळं? तुमच्या पलंगावर?"

मी हसले. मालकाने माझ्याकडे असं पाहिलं की मी घडीत तोंड घातलं. पण दुफी नुसती अडून बसणारी नव्हती. तिने तोड सुचवली. कापड शेवटची बुडी सोडून तयार ठेवायचं. तपकिरी कापड म्हणजे दुखवट्याचं नव्हे, शेतावर जायलाही लोक ते नेसतात. साल आणि कीट पोत्यांत भरून ठेवायची. वाड्यातून कळलं की सगळे हंडे पेटवायचे आणि एकच बुडी द्यायची. मग महिन्याचं काम दोन-तीन दिवसांचं होतं. "ढीग छताला लागला तरी कुणी बोट दाखवणार नाही," ती म्हणाली.

ग्याबाने मान हलवली. शहाणी आहेस म्हणाला. आम्ही तपकिरी ढीग लावायला लागलो आणि तो छताच्या जवळ पोचला.

त्याच सुमारास दुफीची मावशी वारली, लांबच्या गावात. दुफी काळं नेसून तिकडे गेली. ती गेली त्याच दिवशी मालकाने आम्हाला म्हटलं, "बायांनो, खूप राबलात. या आठवड्यात विश्रांती घ्या."

मालकाने आपणहून विश्रांती दिली म्हणजे काहीतरी शिजतंय हे मला कळायला हवं होतं, पण मला वाटलं, देव पावला. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून येत होते, तर रस्त्यावर लॉऱ्या थांबलेल्या. माणसं उतरून उभी. आमचं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत काळंभोर. मैदान संपलं म्हणून शाळेच्या कुंपणावर, कुंपण संपलं म्हणून गवतावर. बाहेरगावचे रंगारी आणून त्याने सगळ्या मालाला शेवटची बुडी देऊन टाकली होती. ग्याबा मेल्याला दोन-तीन दिवससुद्धा थांबायचं नव्हतं. शेजारच्या गावच्या आधी याला दुकान मांडायचं होतं.

गावात कोणी वारल्याची दवंडी नाही आणि एवढं काळं उन्हात! याचा अर्थ आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा एकच लावणार. एका म्हातारीने डोक्यावरची टोपली खाली टाकली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून हंबरडा फोडला. तिचं ऐकून दुसरीने. दुपार टळायच्या आत बाजार उठला, दारं लागली, आणि रडणाऱ्या बायांचा लोंढा वाड्याकडे निघाला.

आणि नाना तर खिडकीशी बसून सूप पीत होते! आजारी होते, पण होते. रडण्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं म्हणे, "कोण गेलं?"

आता एवढा मोठा अपमान झाला म्हटल्यावर कुणाची तरी मान हवीच. दुफी मावशीला माती देऊन खच्चून भरलेल्या गाडीतून उतरली, अंगावर काळंच, आणि तिला तशीच वाड्यात नेली. तिच्या अंगावरचं काळं बघून लोक आणखी भडकले.

ग्याबा हात जोडून उभा. माफीची मेंढी आणि दारूच्या बाटल्या त्याने वाड्यात आधीच पोचवल्या होत्या. म्हणाला, "नाना, कोठी माझी असली तरी ढीग किती ठेवायचा ते हीच ठरवते. पहिल्यापासून. साऱ्या गावाला ठाऊक आहे. मी पामर काय बोलणार?"

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात! ढीग तीच ठरवायची, हे खरंच साऱ्या गावाला ठाऊक होतं. खऱ्याचा असा गळफास मी दुसरा पाहिला नाही.

काठीवाल्यांनी विचारलं, "दुफी, काय म्हणणं आहे तुझं?"

दुफीने त्यांच्याकडे पाहिलं. बघतच राहिली. काय म्हणणार होती ती? की बाबा, तुम्हीच आला होतात, मोठ्या झाडाची गोष्ट तुम्हीच काढली होतीत? ते म्हणायचं तर नानांसमोर, सगळ्या दरबारासमोर म्हणायला हवं होतं की वाड्यानेच नानांच्या जाण्याची तयारी चालवली होती. तो शब्द तोंडातून निघाला असता तर तिला गावाच्या वेशीबाहेर घालवलं असतं. हे तिला माहीत होतं, आणि बोआतेनलाही माहीत होतं. म्हणून तर इतक्या गोड आवाजात विचारत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मी उठले. "ती इथे नव्हतीच!" एवढंच बाहेर पडलं, तर माझ्या मामाने पदर ओढून मला खाली बसवलं. "गप. तुलाही घेऊन बुडेल."

दुफी शेवटी म्हणाली, "मी तपकिरी ठेवलं होतं."

"पण आम्ही काळं पाहिलं," काठीवाले म्हणाले.

शिक्षा सांगितली. दुफीने कारखान्यात पाय ठेवायचा नाही. आणि या गावात काळं नेसायचं नाही, कुणाच्याही दुखवट्यात. बाहेरच्याला वाटेल, यात काय मोठं? आमच्याकडे शनिवार मयतांचा. दर शनिवारी गाव काळं नेसून एकत्र बसतं, तिथेच नाती जुळतात, भांडणं मिटतात. तिथे फुलाफुलांचं नेसून गेलात तर मेलेल्यावर हसल्यासारखं. म्हणजे तिने घरी बसायचं. आणि घरी तिची आई मानू, अंथरुणाला खिळलेली. दुफीने मला त्या दिवशी एकच गोष्ट विचारली, "बिरागो, आई गेली तर मी काय नेसू?"

मी चरफडत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात नाना गावाला गेले. वाड्याने कळवलं, आणि ग्याबाची कोठी उघडली. तेच कापड! ज्याच्यापायी दुफीचं तोंड काळं केलं तेच. वाड्यासाठी गठ्ठे न्यायला कोण आलं? काठीवाले. छातीशी धरून घेऊन गेले, वर ग्याबाला म्हणाले, "मालक, तुमची दूरदृष्टी!" मी हंड्यापाशी उभी होते. हातातला दांडा मी दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात घातला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. त्या पैशातून ग्याबाने कोठीला चुना मारला. मानूचा पंजा पुसला गेला.

आणि मग मानू गेली.

मी आणि दुफी काठीवाल्यांकडे गेलो. दुफी उंबऱ्याबाहेर गुडघ्यावर. "बाबा, एक दिवसाची मोकळीक द्या. आई आहे माझी."

"मुली, मला का वाईट वाटत नाही?" ते म्हणाले. "पण शिक्षा नानांची. नाना नाहीत, नवे नाना अजून बसले नाहीत. गादीवर कोणी नसताना माफी देणार कोण?"

"शिक्षा मात्र गादीवर कोणी नसतानाही चालू?" मी म्हटलं.

"बिरागो, जीभ सांभाळ."

परत येताना दुफी रडली नाही. चालता चालता आपले हात पुढे धरून बघत होती. इतके महिने रंगापासून दूर राहून हात निवळले होते. तळवे अगदी फिकट, परक्या बाईचे वाटावेत असे. "आईने हे हात ओळखले नाहीत शेवटी," ती म्हणाली. "धरून विचारत होती, कोण गं तू?"

मी तिथेच रस्त्यात थांबले. "दुफी, त्यांनी काय म्हटलं होतं? नेसायचं नाही. कारखान्यात पाय ठेवायचा नाही. बरोबर?"

"हो."

"रंगाने तुझ्या घरी यायचं नाही, असं कुणी म्हटलं होतं का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी मला जुनी फौजदार दिसली.

साल मी उकळली, माझ्या चुलीवर. कीट दुप्पट घातला. असा दाट रंग मी आयुष्यात केला नव्हता.

शनिवारी मंडप भरला. मानूने ज्यांना ज्यांना कापड दिलं होतं ती सगळी घरं आली, म्हणजे सगळं गाव. घरच्या माणसांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर दुफी बसली होती, निळं फुलांचं नेसून, आणि लोकांत कुजबुज उठली. पण तिचे हात उघडे होते, कोपरापर्यंत काळेभोर, आणि मांडीशेजारी स्टुलावर रंगाचं भांडं.

आमच्याकडे मयताला आलेला माणूस आधी घरच्यांच्या रांगेपुढून जातो आणि प्रत्येकाचा हात हातात घेतो. उजवा हात. तो टाळणं म्हणजे मेलेल्या माणसाला शिव्या देणं. दुफीने हात भांड्यात बुडवला आणि पुढे धरला. सगळ्यात आधी मी घेतला. माझ्या हातांना काय, ते काळेच. माझ्यामागून बाजारातली टोमॅटोवाली आली. क्षणभर थबकली, मग तिने दोन्ही हातांनी दुफीचा हात धरला आणि रडायला लागली. तो रंग किती दिवस जात नाही हे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. रांग सरकत राहिली, हात बुडत राहिला, आणि काळे तळवे घेऊन लोक आपापल्या जागी जाऊन बसले.

ग्याबा आला. नवं कोरं नेसलेला, मनगटात सोन्याचं घड्याळ. त्याने भांडं पाहिलं. "दुफी, अगं हे काय? हात पुसून घे आधी."

"पंजा तर माझ्या आईचा आहे, मालक," ती म्हणाली. "तुम्ही पुसलात. मी नाही पुसणार."

तो इकडेतिकडे बघायला लागला. त्याने दोन बोटं पुढे केली. दुफीने अख्खा हात धरला आणि सावकाश दाबला. रंग त्याच्या घड्याळाखाली ओघळला.

त्याच्यामागे काठीवाले होते. उजव्या हातात काठी. दुफीने हात पुन्हा भांड्यात बुडवला आणि त्यांच्यासमोर धरला. तिच्या बोटांवरून थेंब खाली पडत होते. बोलायला बंदी असलेल्या गोष्टी ती आजही बोलली नाही. नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, त्या दिवशी दरबारात बघत होती तशीच.

काठीवाल्यांनी काठी डाव्या हातात घेतली.